ओळखी वाढवायच्यात, तब्येत पण सांभाळायचीय? मग असं करून बघा

पणजीत किंवा वेर्ण्याच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत जॉब करताय ना, मग नेटवर्किंग म्हणजे रात्रीची पार्टीच हे आधी डोक्यातून काढा. ज्या सीनियरशी बोलायचंय त्यांना सरळ मेसेज टाका, "सर, सकाळी मिरामार बीचवर चालायला येता का, अर्धा तास बोलू", आणि खरं सांगते, चालताना माणूस ऑफिसपेक्षा कितीतरी मोकळं बोलतो. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, म्हणजे रोज अर्धा तास, पाच दिवस, त्यातले एकदोन दिवस असे कुणाबरोबर गेले की दोन्ही कामं झाली. पावसाळ्यात किनारा सोडा, बिल्डिंगचे जिने चढा.

पहिल्याच भेटीत नोकरी मागू नका हो! त्यांच्या कामाबद्दल विचारा, ऐका, त्याच दिवशी दोन ओळींचा थँक्यू पाठवा. संध्याकाळचे कार्यक्रम आठवड्याला एकच ठेवा, झोप सात तासांच्या खाली नको.

समाधानासाठी प्रमोशनची वाट बघत बसू नका, रात्री वहीत आज पूर्ण झालेलं एक काम लिहायचं, अगदी छोटं असलं तरी लिहायचं, आणि रविवारी ती पानं वाचून पुढच्या आठवड्यात कुणाला भेटायचं ते ठरवायचं.