उलटीची किळस की उलटीची भीती?

लोकलमध्ये कुणी ओकलं की पुढच्या स्टेशनला डबा बदलावासा वाटणं ही साधी किळस; थोड्या वेळाने ती निघून जाते. भीती आधीच सुरू होते: बाहेरचं खाणं बंद, दुधाची तारीख पुन्हापुन्हा तपासणं, पर्समध्ये कायम पिशवी आणि गोळी. असं ६ महिने चाललं तर मदत घ्यावी.

टाळल्याने लगेच बरं वाटतं, म्हणूनच भीती मुरते. म्हणून टाळण्याऐवजी हळूहळू सामोरं जा, सोप्यापासून सुरुवात करा: ‘उलटी’ शब्द मोठ्याने वाचा, मग चित्र, मग आवाज. भीतीला १० पैकी गुण द्या आणि ते निम्म्यावर येईपर्यंत थांबा. मध्येच उठलात तर ‘पळालो म्हणून वाचलो’ हेच मन शिकतं. पुढची पायरी, पिशवीशिवाय लोकलने ठाणे ते ऐरोली. मुद्दाम उलटी काढायची मुळीच गरज नाही! वजन घटत असेल तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीतून मोफत बोलता येतं.