छातीतील अस्वस्थतेवर वनस्पतिजन्य औषधे घेण्यापूर्वी

छातीत अस्वस्थ वाटू लागले की कोणता काढा घ्यावा, हा प्रश्न नंतरचा. ती अस्वस्थता कशामुळे आहे, हा आधीचा. छातीवर ओझे ठेवल्यासारखा दाब येत असेल, कळ हातात, जबड्यात किंवा पाठीत जात असेल, दरदरून घाम फुटत असेल किंवा धाप लागत असेल, तर चुलीवर काहीही न ठेवता ताबडतोब रुग्णवाहिका बोलवावी. मधुमेहींमध्ये आणि स्त्रियांमध्ये हृदयविकार कधीकधी केवळ मळमळ किंवा थकव्याच्या रूपात समोर येतो, म्हणून कळ सौम्य आहे एवढ्यावर निश्चिंत राहू नये. पुढचे सर्व डॉक्टरांनी हृदयाचे कारण नाही असे सांगितल्यानंतरचे आहे.

कफाने छाती भरली असेल तर अडुळसा वापरतात. त्याच्या पानांतील व्हॅसिसिन या द्रव्यावरूनच ब्रोमहेक्झिन हे कफ पातळ करणारे औषध तयार झाले. व्हॅसिसिनमुळे गर्भाशय आकुंचन पावू शकते, त्यामुळे गरोदरपणात अडुळसा टाळावा.

जेवणानंतर वाढणारी आणि आडवे झाल्यावर घशाशी येणारी जळजळ बहुधा आम्लाची असते. तिच्यावर ज्येष्ठमध चघळण्याची प्रथा जुनी आहे. मात्र त्यातील ग्लिसिरायझिन शरीरात मीठ व पाणी धरून ठेवते आणि पोटॅशियम कमी करते, त्यामुळे रक्तदाब चढतो. ग्लिसिरायझिन दिवसाला 100 मिलिग्रॅमपेक्षा जास्त जाऊ नये, असे युरोपातील तज्ज्ञ समितीने सुचवले आहे. उच्च रक्तदाब असणाऱ्यांनी, तसेच लघवी वाढवणाऱ्या गोळ्या किंवा डिगॉक्सिन हे हृदयाचे औषध घेणाऱ्यांनी ज्येष्ठमधाच्या वाटेला जाऊच नये. थंडावा देणारा पुदिनाही येथे उलटू शकतो, कारण अन्ननलिकेच्या तळाचा झडपेसारखा स्नायू त्याने सैल पडतो आणि आम्ल आणखी वर येते.

अर्जुनाच्या सालीचा दुधातील काढा हृदयासाठी पूर्वापार दिला जातो. तो चालू गोळ्यांऐवजी कधीच घेऊ नये. सोबत घ्यायचा तरी डॉक्टरांना आधी सांगावे.

डिजिटॅलिस (फॉक्सग्लोव्ह) या वनस्पतीपासून डिगॉक्सिन मिळते, पण तिची पाने घरी उकळण्याची गोष्टच नव्हे. इंग्लिश डॉक्टर विल्यम विदरिंग यांनी 1785 मध्ये या वनस्पतीच्या उपयोगाची सविस्तर नोंद प्रसिद्ध केली, तेव्हाच तिच्या विषारी परिणामांविषयीही बजावले होते. पानागणिक द्रव्याचे प्रमाण बदलते, आणि उपकारक मात्रा व घातक मात्रा यांत अंतर फार थोडे असते. म्हणूनच आज डिगॉक्सिन मोजून बनवलेल्या गोळीतून दिले जाते.

कोणतेही एकच औषध एका वेळी सुरू करावे, मात्रा आणि तारीख लिहून ठेवावी, आणि त्रास वाढल्यास ती नोंद घेऊनच दवाखान्यात जावे.