उणे-अधिकचा घोळ: पूर्णांक शिकताना या चुका टाळा

पूर्णांक शिकवताना हमखास थर्मामीटर काढतात. हर्णै-गुहागरच्या पोरांनी शून्याखालची थंडी कुठे पाहिलीय? त्यापेक्षा जेटीच्या पायऱ्या घ्या. एका पायरीवर खडूने शून्य लिहा, वरच्या पायऱ्या धन, खालच्या ऋण.

सगळ्यात जास्त मार्क जातात ते −३ − ५ = ८ असं लिहिल्यामुळे. ‘दोन उणे म्हणजे अधिक’ एवढंच पाठ असतं आणि ते दिसेल तिथे लावलं जातं. अहो, शून्याच्या तीन पायऱ्या खाली उभा असलेला माणूस आणखी पाच उतरला तर तो वर कसा येईल? उत्तर −८. ऋण गुणिले ऋण बरोबर धन, हे खरं. पण ऋण अधिक ऋण बरोबर ऋणच. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये हे दोन्ही नियम वेगवेगळे सांगून ठेवलेत. (शून्य भागिले शून्य बरोबर शून्य, हे त्याचं म्हणणं मात्र आज चालत नाही. शून्याने भागायचंच नाही.)

मग ‘उणे उणे अधिक’ बेरीज-वजाबाकीत कधी? ऋण संख्या वजा करायची असेल तेव्हा. भरती-ओहोटीच्या तक्त्यातलं शून्य म्हणजे समुद्राची सरासरी पातळी नव्हे. ते जवळपास सर्वात खालच्या ओहोटीला धरलेलं असतं. म्हणून मोठ्या ओहोटीला पाणी कधी त्याच्याही खाली जातं. समजा भरती २५० सेंमी, ओहोटी −१० सेंमी. पाणी किती उतरलं? पुष्कळ मुलं २४० लिहितात. २५० − (−१०) = २६०. शून्यापर्यंत २५० आणि तिथून खाली आणखी १०.

−७ हा −३ पेक्षा मोठा, असं वाटणारेही असतात. जेटीवर उभं करा, कोण खाली आहे ते दिसेल.

कंस गाळणं ही मोठ्यांचीही खोड. (−३)² म्हणजे ९, पण −३² म्हणजे −९, कारण वर्ग फक्त ३ चा होतो. एक्सेल मात्र कंसाविना लिहिलेल्या याच गणिताचं उत्तर ९ देतं. तेव्हा मुलाची वही तपासायला कॉम्प्युटर उघडलात तर −(३²) असा कंस घालूनच लिहा.