छोटे, मऊ आयकॉन करताना या चुका टाळा

बेळगावात आमचं काम मुख्यतः लग्नपत्रिका, फ्लेक्स आणि मंडळांच्या पावत्यांचं. गेल्या वर्षी एका मिठाईवाल्यांनी मोबाईलवरच्या मेनूसाठी आयकॉन मागितले : कुंदा (आटवलेल्या दुधाची दाणेदार मिठाई), मांडे, करदंट (डिंक आणि सुक्या मेव्याची वडी). कुंदा मी फोटोशॉपमध्ये 512 बाय 512 च्या कॅनव्हासवर मन लावून केला. प्रत्येक दाणा वेगळा, वर काजू-बदामाचे काप. 48 पिक्सेलला आणून दाखवला, तर मालक म्हणाले, "आम्ही कुंदा विकतोय की शेणी?"

चूक उघड होती. 512 वर काढलेली 5 पिक्सेलची रेघ 48 ला आली की अर्ध्या पिक्सेलचीसुद्धा राहत नाही. ती नुसता धुरकट डाग होते. मी दाणे पुसले, सुके मेवे काढले. उरली पिवळी वाटी, तपकिरी ढीग आणि वर एकच मोठा बदाम. तेव्हा कुठं तो कुंदा वाटला. काम चालू असताना मोठं रूप बघत बसू नका, दर दहा मिनिटांनी खऱ्या आकारात बघा. कॅनव्हासही शेवटच्या आकाराच्या पटीत घ्यावा. 32 साठी 512 चालतो, 48 साठी 384 बरा. नाहीतर कडा दोन पिक्सेलच्या मधे अडकून फिस्कटतात. आणि मूळ चित्राला स्मार्ट ऑब्जेक्ट (मूळ चित्र आत जसंच्या तसं जपणारा लेअर) करून ठेवा, म्हणजे लहान केलेलं परत मोठं करताना फाटत नाही.

दुसरी चूक बहुतेक सगळेच करतात. मऊ हवं म्हणून गॉशियन ब्लर, म्हणजे चित्र धूसर करणारा फिल्टर, मारतात. ब्लरनं आयकॉन मऊ होत नाही, चष्मा विसरल्यासारखा दिसतो. मऊपणा येतो गोल कोपऱ्यांनी आणि एकमेकांच्या जवळच्या दोन छटांच्या ग्रेडियंटनं. पिवळ्याखाली काळी शॅडो टाकली की रंग मळतो. तिथं गडद नारिंगी घ्या, मल्टिप्लाय मोडवर (त्यात वरचा रंग खालच्या रंगात मिसळून तो गडद करतो), हलक्या हातानं. सगळ्या आयकॉनवर उजेड एकाच बाजूनं पडू दे. एकाची सावली डावीकडं आणि दुसऱ्याची उजवीकडं गेली, तर संच एकाच्या हातचा वाटत नाही.

आम्हा फ्लेक्सवाल्यांची एक खास खोड म्हणजे सवयीनं फाईल सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शायांच्या रंगपद्धतीत, उघडणं. स्क्रीनवरचा झगझगीत हिरवा-निळा त्यात बसतच नाही. मागाहून आरजीबी (स्क्रीनची रंगपद्धत) केली तरी गेलेला रंग परत येत नाही. सुरुवातच आरजीबीत करा.

जेपीजी नकोच. त्यात पारदर्शकता नसते, गोल आयकॉनमागं पांढरा चौकोन येतो. पीएनजी घ्या, पण 256 रंगांची पीएनजी-8 नको, तिच्यात ग्रेडियंटचे पट्टे पडतात. फोटोतून कापून घेतलेल्या वस्तूभोवती पांढरी किनार उरली असेल, तर फोटोशॉपच्या लेअर मेनूत मॅटिंगखाली डीफ्रिंज आहे, एक पिक्सेल पुरतो. जिम्प हे फुकट सॉफ्टवेअर वापरत असाल तर सिलेक्शन एक पिक्सेलनं आत घेऊन उलटं करा आणि बाहेरचं पुसा. ही किनार पांढऱ्या पानावर लपते, डार्क मोडमध्ये लगेच उघडी पडते. मालकांच्या मुलाच्या मोबाईलवर ती दिसली, माझ्या स्क्रीनवर नाही. तेव्हापासून सगळ्यात खाली एक पांढरा आणि एक काळा लेअर ठेवतो, आलटून पालटून लावून बघतो.

आयकॉनवर अक्षरं घालायचा आग्रह आपल्याकडं हमखास होतो, तोही कन्नड आणि मराठी दोन्हींत. 48 पिक्सेलमध्ये मराठीच्या मात्रा जातात आणि कन्नडची ओत्तक्षरं (जोडाक्षरात खाली लिहायची अक्षरं) जातात. नाव खाली साध्या मजकुरात द्या.

मांडे मात्र अजून जमलेले नाहीत. पांढरट, घडीचा पदार्थ, लहान केला की हातरुमाल दिसतो. सध्या घडीच्या कडेला फिकट केशरी छटा देऊन बघतोय.