प्रसारण तंत्रज्ञांनो, या चुका टाळा

बिघाड झाला की घाईघाईत एकदम दोन-तीन गोष्टी बदलल्या जातात. केबल बदलली, चॅनल बदलला, फेडरही (आवाज कमी-जास्त करणारी सरकपट्टी) वर केला. आवाज परत आला, पण दोष कशात होता ते कळलंच नाही! मग तीच खराब केबल पुन्हा रॅकवर जाते आणि पुढच्या थेट कार्यक्रमात दगा देते. प्रसारण चालू असेल तर आधी पर्यायी मार्गावर या, शोध नंतर घ्या. शोधताना मायक्रोफोनपासून ट्रान्समीटरपर्यंतच्या साखळीचा मध्य गाठा. तिथे सिग्नल नीट असेल तर दोष पुढे, नसेल तर मागे. एका वेळी एकच बदल करा, आणि खराब केबलला तिथल्या तिथे चिठ्ठी लावा.

आवाजाच्या पातळीबाबत गाफील राहू नका. डिजिटलमध्ये ० डीबीएफएस ही कमाल पातळी; तिच्या वर जागाच नाही. तिथे क्लिप झालेला, म्हणजे शिखरं कापली गेलेला, आवाज नंतर फेडर खाली आणून सुधारत नाही. लाइन-अप टोन, म्हणजे दोन्ही टोकांची पातळी जुळवायला पाठवलेला स्थिर सूर, युरोपीय पद्धतीत उणे १८ डीबीएफएसवर, तर अमेरिकी पद्धतीत उणे २० वर धरतात. समोरचा कोणता धरतोय ते विचारून घ्या.

एक्सएलआर या तीन पिनांच्या ऑडिओ कनेक्टरच्या २ आणि ३ क्रमांकाच्या पिना डाव्या-उजव्यापैकी एकाच चॅनलवर उलट जोडल्या गेल्या, तर स्टिरिओत आवाज नुसता पोकळ वाटतो. मोनोवर मात्र निवेदकच गायब होतो. माझ्या मते मोनोचं बटण दाबून न ऐकता कोणतीही जोडणी पूर्ण झाली असं मानूच नये.

ध्वनीत गुणगुण आली म्हणून उपकरणाच्या प्लगचं अर्थिंग कधीही तोडू नका. गुणगुण जाईल, पण जीवही जाऊ शकतो. ऑडिओच्या मार्गात आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावा; तो थेट विद्युत जोडणी तोडून फक्त ध्वनी पुढे नेतो.

एसडीआयचं, म्हणजे केबलवरून डिजिटल व्हिडिओ नेणाऱ्या जोडणीचं, चित्र स्वच्छ दिसतंय, एवढ्यावर विसंबू नका. केबल क्षमतेच्या काठावर असली तरी चित्र निर्मळ असतं. जरा लांबी वाढली की अचानक तुटतं. ७५ ओहमचीच केबल आणि कनेक्टर वापरा. फ्रेम सिंक्रोनायझरमुळे (बाहेरून आलेलं चित्र स्टुडिओच्या वेळेशी जुळवणारं उपकरण) चित्र मागे पडतं, तेव्हा आवाजालाही तेवढाच विलंब द्या. ओठ आणि आवाज जुळताहेत का, हे साखळीच्या शेवटी पाहा.

ट्रान्समीटर अँटेना किंवा डमी लोडशिवाय (अँटेनाऐवजी शक्ती शोषून घेणारा भार) चालू करू नका. बंद केल्यावरही उच्च दाबाचे कपॅसिटर भारित राहू शकतात, म्हणून साठलेली वीज जमिनीत सोडणारा अर्थिंग रॉड टेकवल्याशिवाय आत हात घालू नका. इंटरलॉक (दार उघडताच वीज तोडणारी सुरक्षा यंत्रणा) तर कोणत्याही घाईत बायपास करायचा नाही.