ऑक्टोबरात मागच्या दारावर थाप पडली तर

आम्ही अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया राज्यात, ॲलनटाउनजवळ घर घेतलं त्याच वर्षीच्या ऑक्टोबरातली गोष्ट. शनिवारची सकाळ, मी पोह्यांना फोडणी देत होते आणि मागच्या दारावर थाप पडली. उघडून बघते तर नखशिखांत झाडपाल्याच्या छापाचे कपडे घातलेला, तोंडाला काळं फासलेला माणूस. "तुमच्या कुंपणापाशी माझं हरीण पडलंय, नेऊ का?" मी नुसती बघतच राहिले. मागून नवऱ्यानं "येस, येस" म्हणून टाकलं आणि कढईतली मोहरी जळाली.

इकडे नव्यानं राहायला आलात तर तुमच्याही दारावर अशी थाप पडू शकते. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे हरणाची शिकार म्हणजे थेट कोर्टकचेरी, त्यामुळे पोटात गोळा येणारच. इथे मात्र ती परवाना काढून, आधी शिकवणीचा कोर्स करून होते. ऑक्टोबर आणि निम्मा नोव्हेंबर धनुष्यबाणाचा, बंदुकीचा मुख्य हंगाम त्यानंतर. बाण लागला तरी हरीण बहुधा जागीच पडत नाही, काही अंतर पळतं. शिकारी झाडावरच्या मचाणात थोडा वेळ थांबतो, मग रक्ताच्या थेंबांवरून माग काढतो. तो माग तुमच्या आवारात शिरला तर त्यानं तुम्हाला विचारायलाच हवं. नाही म्हणायचा हक्क तुम्हाला आहे. मी हो म्हणते, कारण नाहीतर ते धूड आपल्याच परसात कुजतं. आणि राहत्या घरापासून ५० यार्डांच्या आत तुमच्या परवानगीशिवाय धनुष्यानंही शिकार करता येत नाही. बंदुकीला १५० यार्ड. मुलं अंगणात खेळत असतील तर हे दोन आकडे पाठ असू द्या.

तो माणूस आठवड्यानं कागदात बांधलेलं मांस घेऊन आला. खाणाऱ्यांसाठी सांगते: यात चरबी जवळजवळ नसते. पाठीचा तुकडा तव्यावर पटकन, खांद्याचं मांस मात्र दह्या-आल्यालसणात रात्रभर ठेवून कुकरला मटणापेक्षा दोन शिट्ट्या जास्त. देणाऱ्याला एवढंच विचारा की हरीण तपासून घेतलं होतं का. हरणांना पोखरणारा एक मेंदूचा रोग या राज्यात २०१२ पासून आहे, आणि तो असलेल्या जनावराचं मांस खाऊ नये असंच इथले आरोग्यवाले सांगतात.

आता खरं घाबरायची गोष्ट. हरीण नव्हे, हरणावरची गोचीड. गावाकडे म्हशीच्या कानात बघितली असेल तिच्याच कुळातली, पण जात वेगळी, आणि इथली पिल्लं खसखशीच्या दाण्याएवढी. लाइम नावाचा आजार त्यांच्यातून येतो (सासूबाईंना वाटलं लिंबानं होतो, ते कनेक्टिकटमधल्या एका गावाचं नाव आहे). जंतू गोचिडीला मिळतात ते मुख्यतः उंदरांकडून, पण मोठ्या माद्या हरणांवर पोसतात, म्हणून हरणांची वाट तिथे गोचीड. म्हणूनच सासूबाईंनी परसात येणाऱ्या हरणांना शिळ्या पोळ्या टाकायला सुरुवात केली तेव्हा मी ते बंद पाडलं. दोन दिवस अबोला होता.

थंडी पडली की सुटलो असं समजू नका, मोठ्या गोचिडी ऑक्टोबर-नोव्हेंबरातच जोरात असतात. मुलं पानांच्या ढिगाऱ्यात लोळून आली की कपडे धुण्याआधी तसेच कोरडे ड्रायरमध्ये दहा मिनिटं कडक उष्णतेवर फिरवा. मग अंघोळ, आणि काखा, जांघा, कानामागे, केसांत बोटं फिरवून बघा. चिकटलेली दिसली तर बारीक चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ वर ओढा. रॉकेल, तंबाखू, काडीचा चटका हे गावचे उपाय इथे करू नका. चिडली की पोटातलं तुमच्या अंगात ओकते. ती लवकर निघाली, चोवीस तासांच्या आत, तर लाइमचा धोका फार कमी. तारीख लिहून ठेवा. महिनाभरात पसरणारा लाल चट्टा किंवा ताप आला तर डॉक्टरांना तारखेसकट सांगा.

घरात शिरणारे बाकीचे बहुतेक किडे त्रासदायक, पण निरुपद्रवी. सगळ्यात जास्त भेटेल तो ढालीच्या आकाराचा तपकिरी, ज्याला इथे स्टिंक बग म्हणतात. पूर्व आशियातून आलेला, आणि अमेरिकेत सापडला तोही पहिल्यांदा आमच्या ॲलनटाउनलाच, १९९० च्या दशकाच्या शेवटी. चावत नाही, घरात अंडी घालत नाही, थंडीपुरता आसरा शोधतो. चिरडू नका, उग्र कोथिंबिरीचा वास सुटतो. आमच्या घरात त्या वर्षी कोणी कोथिंबीर-वडी खाईना. साबणाच्या पाण्याच्या डब्यात ढकला आणि खिडक्यांच्या फटी सप्टेंबरातच बुजवा.

खरे ढेकूण ही वेगळी बाब. रस्त्याकडेला फुकट ठेवलेली गादी किंवा सोफा, कितीही नवा दिसला तरी, उचलू नका. नवीन आलेल्यांच्या घरात ते बहुतेक याच वाटेनं शिरताना मी बघितलेत.

आणि दिवाळीला गॅरेजमधून आकाशकंदील काढाल तो आधी अंगणात झटका. गेल्या वर्षी आमच्या कंदिलातून सात स्टिंक बग पडले, सगळे रांगोळीवर.