जुन्या सिनेमांच्या डिस्क जमवताय? या चुका टाळा

मुंबईत काळा घोड्याचं रिदम हाऊस हे गाण्यांच्या आणि सिनेमांच्या डिस्कचं दुकान २०१६च्या फेब्रुवारीअखेर बंद झालं. तशा दुकानांत काउंटरपलीकडे सिनेमा कळणारा माणूस असायचा. कुठली डिस्क घ्यावी, कुठली प्रिंट बेकार आहे, हे तो न विचारता सांगायचा. आता डिस्क मिळतात त्या रद्दीवाल्याकडे, पुण्याच्या जुन्या बाजारात, नाहीतर ऑनलाइन. माल भरपूर आहे, कारण २००७मध्ये मोझर बेअर या कंपनीने २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी विकायला सुरुवात केली आणि घरोघरी ढीग झाले. तेच ढीग आता बाहेर पडताहेत. सांगणारा माणूस मात्र राहिला नाही, त्यामुळे लोक सिनेमाचं नाव वाचतात आणि पैसे काढतात. बहुतेक चुका इथूनच सुरू होतात, कारण एका नावाखाली दोन-तीन वेगवेगळे सिनेमे असू शकतात.

नाव बघितलं, आवृत्ती बघितली नाही

प्रभातचंच घ्या. ‘कुंकू’ (१९३७) हिंदीत ‘दुनिया न माने’ झाला, ‘माणूस’चा ‘आदमी’ झाला, ‘शेजारी’चा (१९४१) ‘पडोसी’. हे डबिंग नव्हे, दोन्ही भाषांत वेगळं चित्रीकरण झालं. ‘शेजारी’त केशवराव दाते आहेत, ‘पडोसी’त त्यांच्या जागी मजहर खान. गजानन जागीरदारांचा मिर्झा तेवढा दोन्हीकडे. पुढे ‘उंबरठा’ (१९८२) हिंदीत ‘सुबह’ झाला तोही असाच. ऑनलाइन विकणारे पुष्कळदा एकाचं कव्हर दाखवतात आणि माहिती दुसऱ्याची लिहितात. डिस्कवर छापलेल्या नावाचा फोटो मागा, त्याशिवाय पैसे पाठवू नका.

दुसरा घोळ रंगाचा. ‘मुघल-ए-आझम’ (१९६०) मुळात कृष्णधवल, शीशमहालातल्या गाण्यासारखे मोजके भाग रंगीत. २००४ साली तो पूर्ण रंगवून पुन्हा प्रदर्शित केला, तेव्हा लांबीही कमी केली. ‘नया दौर’ २००७मध्ये रंगवला, ‘हम दोनों’ २०११मध्ये. रंगवलेली आवृत्ती बघायला माझी हरकत नाही, पण संग्रहात एकच ठेवायची असेल तर मूळ ठेवा. सगळीकडे ती शीशमहालाची झगमग असेल, तर तो क्षण अंगावर येणार कसा? कव्हरवर मात्र विसंबू नका, कारण कृष्णधवल सिनेमाच्या कव्हरवरही सर्रास रंगीत फोटो असतात. मागच्या बाजूची बारीक अक्षरं वाचा.

आणि ‘शोले’. १९७५ साली थिएटरात जो शेवट दिसला त्यात पोलीस येऊन ठाकूरला थांबवतात. मूळ शेवटात ठाकूर गब्बरला मारतो, तो सेन्सॉरमुळे बदलावा लागला होता. डिस्कवर दोन्ही शेवट बाजारात आले. २०२५मध्ये इटलीतल्या बोलोन्याच्या महोत्सवात दाखवलेल्या जीर्णोद्धारित प्रतीतही मूळ शेवटच आहे. तुम्हाला कोणता हवा ते ठरवून मगच शोधा.

तीन सिनेमे एकात

स्वस्त पडतं, म्हणून घेतलं जातं. एका थराच्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावतात. अडीच-अडीच तासांचे तीन सिनेमे त्यात कोंबले की प्रत्येक सेकंदाच्या वाट्याला जेमतेम १.४ मेगाबिट माहिती येते. एकच तीन तासांचा सिनेमा असता तर साधारण साडेतीन मेगाबिट आली असती. पाऊस, धूर, गर्दी आली की पडद्यावर चौकोन नाचायला लागतात ते यामुळेच. दोष टीव्हीचा नसतो.

व्हीसीडीला मात्र सरसकट नाक मुरडू नका. चित्र ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचं, म्हणजे एक लाखाच्या आसपास. फुल एचडीत ते वीस लाखांवर असतात. पंचावन्न इंची टीव्हीवर ती धुरकट दिसणारच. तरी कित्येक मराठी सिनेमे व्हीसीडीपलीकडे गेलेच नाहीत. अशी व्हीसीडी वीस रुपयांत दिसली तर घासाघीस न करता उचला. फक्त सगळे भाग आहेत का ते बघा. दोन किंवा तीन डिस्कचा संच असतो, आणि रद्दीत हमखास दुसरी हरवलेली असते.

रीजनचा फटका

परदेशातून मागवताना हा बसतो. रीजन म्हणजे जगाच्या ज्या भागासाठी डिस्क काढली तो भाग, आणि साधा प्लेअर आपल्याच भागाची डिस्क वाचतो. डीव्हीडीत भारताचा रीजन ५, अमेरिकेचा १, युरोप आणि जपानचा २. ब्ल्यू-रेमध्ये अमेरिका आणि जपान ए, युरोप बी, भारत सी. सत्यजित राय यांच्या अपू त्रयीची मूळ निगेटिव्ह १९९३मध्ये लंडनच्या आगीत जळली. त्यातून वाचलेले तुकडे बोलोन्याच्या प्रयोगशाळेत सांधून जो ४के जीर्णोद्धार झाला, त्याचा क्रायटेरियन या कंपनीचा अमेरिकन संच ए रीजनचा आहे. इथल्या साध्या प्लेअरमध्ये तो घातलात तर पडद्यावर फक्त सूचना दिसेल. आधी मल्टिरीजन प्लेअरची सोय, मग ऑर्डर, आणि हिशेबात कस्टम ड्युटीही धरा. ४के अल्ट्रा एचडी डिस्कना रीजन नसतो, पण त्या साध्या ब्ल्यू-रे प्लेअरवर चालत नाहीत. शिवाय त्याच डबीतल्या ब्ल्यू-रेला कुलूप असू शकतं.

कॉम्प्युटरच्या डीव्हीडी ड्राइव्हवर रीजन बदलता येतो, पण पाचदाच. पाचव्यांदा जो ठेवाल तो कायमचा. गंमत म्हणून बदलत बसू नका.

चित्र फुगलं, सूर चढला

‘संत तुकाराम’ (१९३६) लावलात आणि विष्णुपंत पागनीस गुबगुबीत दिसले, तर टीव्हीने चित्र आडवं ताणलंय. त्या काळची चौकट जवळजवळ चौकोनी असायची. सेटिंगमध्ये ४:३ करा, दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या राहू द्या. उलट ‘कागज़ के फूल’ (१९५९) हा आपला पहिला सिनेमास्कोप, म्हणजे रुंद चौकटीचा सिनेमा. त्यात वर-खाली पट्ट्या हव्यातच. पडदा भरून चित्र येत असेल तर कडा कापल्या गेल्यात.

सूर चढा वाटला तर तोही भास नव्हे. सिनेमाची २४ चित्रं सेकंदाला, पाल (PAL) या टीव्हीच्या पद्धतीत २५ करून चालवतात. तीन तासांचा सिनेमा त्यामुळे सुमारे सात मिनिटं लवकर संपतो आणि गाणी वर चढतात. पेटी घेऊन बसलात तर सूर दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी पडतो. कव्हरवरचा वेळ कमी दिसला म्हणून सिनेमा कापलाय असं लगेच धरू नका, आधी हा चार टक्क्यांचा हिशेब करा.

संवाद पुटपुटल्यासारखे आणि पार्श्वसंगीत मोठं येत असेल, तर प्लेअरचा ऑडिओ ५.१वर, म्हणजे सहा स्पीकरच्या आवाजावर आहे का बघा. दोन स्पीकरच्या टीव्हीला स्टिरिओ किंवा पीसीएम ठेवा.

ऐन क्लायमॅक्सलाच का अडकते?

डिस्क आतून बाहेर वाचली जाते. म्हणजे व्हीसीडीच्या प्रत्येक भागाचा शेवट आणि एका थराच्या डीव्हीडीचा क्लायमॅक्स बाहेरच्या कडेला येतो, जिथे आपली बोटं लागतात. दोन थरांच्या डीव्हीडीत वाचन बहुधा कडेपर्यंत जाऊन आत परत फिरतं, म्हणून तिथे कडेला सिनेमाचा मध्य असतो. दर वेळी त्याच मिनिटाला अडकत असेल तर दोष डिस्कचा. कुठेही, कुठलीही डिस्क अडकत असेल तर प्लेअरची लेन्स बघा. जुनी डिस्क घेतली की त्याच दिवशी सुरुवात, मध्य आणि शेवट चालवून बघा.

पुसताना गोल फिरवू नका. मऊ सुती कापड मधून कडेकडे सरळ न्या. बुरशी असेल तर कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाचा एक थेंब पुरे. थिनर, पेट्रोल वर्ज्य. टूथपेस्टचा घरगुती उपाय ब्ल्यू-रेवर तर अजिबात करू नका: तिथे माहितीचा थर पृष्ठभागाखाली जेमतेम ०.१ मिलिमीटरवर असतो. डीव्हीडीत तो जाडीच्या मधोमध सुरक्षित, म्हणून खालचे बारीक ओरखडे ती सहन करते. व्हीसीडीत तो वरच्या छापील बाजूलाच, लाखेच्या पातळ लेपाखाली. लोक खालची बाजू जपतात आणि वर बॉलपेनने नाव लिहितात. व्हीसीडी मरते ती तिथे.

डबीतून काढताना मधलं बटण दाबा. कडेला धरून ओढली की भोकाजवळ बारीक तडा जातो. मऊ प्लास्टिकच्या पाकिटांचे फोल्डर माळ्यावर टाकू नका, उन्हाळ्यात पाकीट डिस्कला चिकटतं. कोकणात, गोव्यात पावसाळ्याआधी डब्या उभ्या लावून सिलिका जेल ठेवा.

प्लेअर आधी भंगारात

सॅमसंगने २०१९मध्ये नवे ब्ल्यू-रे प्लेअर आणणं थांबवलं, २०२४मध्ये एलजीनेही हात आखडता घेतला. चालू प्लेअर आज जुन्या बाजारात सिनेमापेक्षा जास्त शोधण्यासारखा झालाय. नवा घेतला म्हणून जुना डीव्हीडी प्लेअर देऊन टाकायच्या आधी नव्यावर एक व्हीसीडी लावून बघा, पुष्कळ ब्ल्यू-रे प्लेअर ती वाचतच नाहीत. जुन्याची लाल-पांढरी-पिवळी वायर नव्या टीव्हीला बसत नसेल तर एव्ही टू एचडीएमआय कन्व्हर्टर मिळतो. रिमोटही जपून ठेवा, कारण सबटायटल आणि ऑडिओचं सेटिंग बऱ्याच प्लेअरवर त्याच्याशिवाय बदलताच येत नाही.